मोटारीची बॅटरी : रिकामी की निकामी?

सोमवारची सकाळ. इमारतीच्या तळघरात उभी असलेली मोटार सुरू करावी म्हणून किल्ली फिरवली जाते आणि इंजिनाच्या आवाजाऐवजी केवळ 'टक् टक्' असा आवाज येतो. डॅशबोर्डवरचे दिवे क्षणभर मिणमिणतात आणि मंदावतात. मग ओळखीच्या गॅरेजला दूरध्वनी होतो. अर्ध्या तासाने येणारा मेकॅनिक दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून गाडी सुरू करून देतो आणि निघताना सांगतो, ''साहेब, बॅटरी गेली. नवीन टाकून घ्या.'' कार्यालयाला आधीच उशीर झालेला असतो. त्यामुळे त्याच संध्याकाळी चार-पाच हजार रुपये किंवा त्याहून अधिक मोजून नवी बॅटरी बसवली जाते. दोन महिन्यांनी तीच नवी बॅटरी पुन्हा 'बसते', तेव्हा कुठे मूळ दोष बॅटरीत नव्हताच, असे लक्षात येते.

गाडी सुरू न होण्याच्या या एकाच लक्षणामागे वेगवेगळी कारणे असू शकतात. बॅटरी चांगली असूनही रिकामी झालेली असेल. ती खरोखरच निकामी झालेली असेल. किंवा बॅटरी भरलेली आणि सुदृढ असूनही तिच्यातील वीज सेल्फपर्यंत, अर्थात स्टार्टरपर्यंत, पोहोचत नसेल. पहिल्या प्रकारात चार्जिंग पुरते, दुसऱ्यात नवी बॅटरी लागते आणि तिसऱ्यात एक पान्हा व चिमूटभर खाण्याचा सोडा एवढ्यावर काम भागते. यांतील फरक ओळखण्यासाठी लागणारा डिजिटल मल्टिमीटर विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. नव्या बॅटरीच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य होय.

पेटीच्या आत काय असते?

शिसे आणि आम्ल यांची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. मोटारीत तिला अढळ स्थान मिळाले ते मात्र १९१२ पासून. त्या वर्षी अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर बसवण्यात आला आणि इंजिन हँडलने फिरवण्याचे कष्टाचे व प्रसंगी मनगट मोडणारे काम संपुष्टात येऊ लागले. तेव्हापासून मोटारीत असंख्य बदल झाले. बॅटरीचे मूलतत्त्व मात्र आजही तेच आहे.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या विरल गंधकाम्लात बुडालेल्या असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. म्हणजेच पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२ नव्हे, तर १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. हा अर्ध्या व्होल्टचा फरक क्षुल्लक वाटला, तरी बॅटरीचे सारे निदान त्यावरच अवलंबून आहे. मीटरवर नेमके १२ व्होल्ट दिसले की 'बारा व्होल्टची बॅटरी, बारा दाखवते, म्हणजे ठीक' असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ती बॅटरी तीन-चतुर्थांश रिकामी असते.

वीज खर्च होत असताना दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर साचतो आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंग झाले की हा थर विरघळतो व आम्ल पुन्हा तीव्र होते. बॅटरी रिकाम्या अवस्थेत बरेच दिवस राहिली, तर मात्र ते मऊ सल्फेट टणक स्फटिकांचे रूप घेते आणि मग नेहमीच्या चार्जिंगने ते विरघळत नाही. पट्टीचा तेवढा भाग कायमचा वाया जातो. रिकामी बॅटरी निकामी होते ती या मार्गाने. म्हणूनच 'बसलेली' बॅटरी आज चार्ज केली तर वाचते आणि महिन्याभराने केली तर बहुधा वाचत नाही.

उन्हाळ्यातला मार, हिवाळ्यातले दुखणे

थंड देशांत बॅटरीचा शत्रू म्हणून थंडीकडे बोट दाखवले जाते. महाराष्ट्रात खरा शत्रू उष्णता आहे. तापमान जितके अधिक, तितकी पट्ट्यांच्या जाळीची झीज वेगाने होते आणि आम्लातील पाणी उडून जाते. तापमानात दहा अंशांची कायमस्वरूपी वाढ झाली की बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, असा या क्षेत्रातला ढोबळ ठोकताळा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटखाली किती उष्णता कोंडत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. मुंबई-पुण्याच्या कोंडीत तासभर रेंगाळणाऱ्या गाडीची अवस्थाही फारशी निराळी नसते. इंजिन तापलेले असते आणि वाऱ्याचा झोत नसतो.

गंमत अशी की, मार उन्हाळ्यात बसला तरी दुखणे उघडकीस येते ते पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात. पावसात वायपर, हेडलाइट आणि मागच्या काचेवरील दव घालवणारी तार हे सारे एकदम सुरू असते. डिसेंबरच्या पहाटे इंजिनातील तेल घट्ट झाल्याने सेल्फला अधिक जोर लागतो आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीची क्षमता घटलेली असते. मालक थंडीला दोष देतो. बॅटरी मात्र मे महिन्यातच खचलेली असते.

शहरी वाहनाचे दुसरे दुखणे म्हणजे उपासमार. एकदा सेल्फ मारला की बॅटरी संपते, ही समजूत चुकीची आहे. लहान पेट्रोल मोटारीचा सेल्फ शंभर-दीडशे ॲम्पिअर विद्युतप्रवाह ओढतो खरा, पण तो जेमतेम दोन सेकंद. हिशेब केला तर हा खर्च ०.१ ॲम्पिअर-तासाहूनही कमी भरतो आणि गाडी चालू लागल्यावर काही मिनिटांत भरून निघतो. बॅटरी रिती होते ती गाडी उभी असताना. कुलूप लावलेल्या मोटारीतही सुरक्षा अलार्म, संगणक, घड्याळ आणि किल्लीचा संदेश ऐकण्यासाठी जागा असलेला ग्राहक यंत्रभाग हे सारे थोडी थोडी वीज खात असतात. हा प्रवाह ५० मिलिॲम्पिअरपर्यंत असणे सर्वसाधारणपणे क्षम्य मानले जाते. तेवढा धरला, तरी दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीत सहसा ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असते. ती नवी आणि पूर्ण भरलेली असली, तरी पंधरा दिवसांत निम्मी होते. बॅटरी जुनी आणि मुळातच अर्धवट भरलेली असेल, तर आठवडाही पुरतो.

२०२० च्या टाळेबंदीत हा अनुभव घरोघरी आला. मार्चअखेर ज्या मोटारी जागेवर थांबल्या, त्यांपैकी कित्येकांच्या बॅटऱ्या निर्बंध शिथिल होईपर्यंत पार उतरल्या होत्या. नंतर घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि आठवड्यातून एकदा भाजी आणण्यापुरतीच बाहेर निघणाऱ्या गाड्यांची संख्या वाढली. अशा गाडीचे इंजिन रविवारी दहा मिनिटे जागेवरच सुरू ठेवण्याचा उपाय अनेकजण करतात. त्याने इंजिनात तेल फिरते, पण बॅटरीला फारसा लाभ होत नाही. मंद गतीत अल्टरनेटर मर्यादित वीज देतो आणि त्यातली बरीचशी एसीचा पंखा व दिवेच खाऊन टाकतात. शिवाय या बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरण्यास सर्वाधिक वेळ लागतो. तो घाईने भरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवणे कितीतरी श्रेयस्कर.

मीटर काय सांगतो

तपासणीची वेळ महत्त्वाची आहे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर बॅटरीच्या पट्ट्यांवर तात्पुरता वरवरचा भार असतो आणि आकडा फुगलेला दिसतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी पहिला सेल्फ मारण्यापूर्वीचा आकडाच खरा. मल्टिमीटर २० व्होल्टच्या डीसी पट्टीवर ठेवून लाल टोक धन अग्राला व काळे टोक ऋण अग्राला लावावे. बॉनेट उघडल्याने किंवा दार उघडल्याने दिवे लागत असतील, तर ते विझेपर्यंत थांबावे. १२.६ किंवा त्याहून अधिक म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ म्हणजे पाव. १२.४ च्या खाली आकडा आला की चार्जिंगची वेळ झाली असे समजावे, कारण टणक सल्फेट साचण्याची प्रक्रिया तेथूनच जोर धरते.

यातून केवळ बॅटरी किती भरलेली आहे, एवढेच कळते. ती भार सोसू शकते की नाही, हे दुसऱ्या चाचणीतून कळते. मीटर तसाच जोडून ठेवून दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारण्यास सांगावे. आकडा क्षणभर खाली जाईल. भरलेली बॅटरी असताना तो ९.६ व्होल्टच्या खाली घसरला, तर बॅटरी थकली असे मानण्यास जागा आहे. येथे 'भरलेली असताना' हे शब्द महत्त्वाचे. अर्धी रिकामी बॅटरी या परीक्षेत नापास होणारच. तो तिचा दोष नव्हे.

इंजिन सुरू झाल्यावर तिसरा आकडा पाहावा. बहुतेक मोटारींत तो १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असतो. इंजिन सुरू असूनही आकडा १२.५ च्या आसपासच रेंगाळत असेल, तर अल्टरनेटर काम करत नाही किंवा त्याचा पट्टा सैल आहे, असा संशय घ्यावा. अशा गाडीत कितीही नव्या बॅटऱ्या घातल्या, तरी त्या एकामागून एक बसत जातील. उलट आकडा १५ च्या वर जात असेल, तर बॅटरीला अतिरेकी चार्जिंग होत आहे. तिच्यातील पाणी उकळून उडेल. अलीकडच्या काही मोटारींत इंधन वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरचा दाब सतत कमी-अधिक करतो. तिथे एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये; हेडलाइट व पंखा सुरू करून काही मिनिटे निरीक्षण करावे.

डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या आकाराचा लाल दिवाही याच संदर्भात समजून घ्यायला हवा. गाडी चालू असताना तो लागला, तर त्याचा अर्थ 'बॅटरी खराब' असा नसून 'चार्जिंग बंद' असा आहे. अशा वेळी एसी, रेडिओ बंद करून जवळचे गॅरेज गाठावे, कारण उरलेला प्रवास बॅटरीत शिल्लक असलेल्या विजेवरच होणार असतो.

बॅटरी निकामी झाल्याचा एक निःसंदिग्ध पुरावा मात्र मीटर देतो. रात्रभर नीट चार्ज करून, काही तास विसावा देऊनही आकडा १०.५ व्होल्टच्या घरातच राहिला, तर सहापैकी एक कप्पा आतून शॉर्ट झाला आहे. पाच कप्प्यांचे प्रत्येकी २.१ मिळून तेवढेच होतात. या बॅटरीवर पुढे खर्च करण्यात अर्थ नाही.

काही बॅटऱ्यांच्या माथ्यावर एक लहान गोल 'डोळा' असतो. तो हिरवा दिसला की सारे क्षेम, असे मालक गृहीत धरतात. हा डोळा म्हणजे सहापैकी एकाच कप्प्यात बसवलेला छोटा घनतामापक होय. उरलेल्या पाच कप्प्यांविषयी तो काहीही सांगत नाही. ज्या बॅटऱ्यांना उघडता येणारी झाकणे असतात, त्यांत हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्याची घनता स्वतंत्रपणे पाहता येते. येथे एकूण आकड्यापेक्षा कप्प्या-कप्प्यांतील तफावत अधिक बोलकी ठरते. पाच कप्पे १.२५० च्या आसपास आणि सहावा १.१८० दाखवत असेल, तर दुखणे कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुकानांतील छापील पावती देणाऱ्या चाचणी यंत्रांविषयीही थोडे सावध राहावे. या यंत्रात बॅटरीची मूळ क्षमता आधी भरावी लागते. ती चुकीची भरली किंवा रिकाम्या बॅटरीवर चाचणी घेतली, तर 'बदला' असा निकाल येऊ शकतो. 'आधी पूर्ण चार्ज करा, मग चाचणी घ्या' असा आग्रह ग्राहकाने धरावा. प्रामाणिक दुकानदार त्याला नकार देत नाही.

पांढरी-निळी बुरशी

टर्मिनलवर साचणारी पांढरट, हिरवट किंवा निळसर भुकटी ही अनेक 'मृत' बॅटऱ्यांच्या मागची खरी गुन्हेगार असते. हा थर विजेला अडवतो. सेल्फला शंभराहून अधिक ॲम्पिअर हवे असताना सैल किंवा गंजलेल्या क्लॅम्पमधून तेवढे जाऊ शकत नाहीत आणि चार्जिंगची वीजही परत नीट आत येत नाही. संशय असल्यास मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या अग्रावर आणि दुसरे त्याच अग्रावरील क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारावा. आकडा शून्याच्या जवळ असायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष सांध्यात आहे, बॅटरीत नाही.

सफाई करताना इंजिन आणि सर्व दिवे बंद असावेत. प्रथम ऋण बाजूचा, म्हणजे काळा क्लॅम्प सोडवावा आणि नंतर लाल. जोडताना क्रम उलटा : आधी लाल, शेवटी काळा. या क्रमाला कारण आहे. मोटारीचा सारा धातूचा सांगाडा ऋण बाजूला जोडलेला असतो. काळा क्लॅम्प जागेवर असताना लाल सोडवायला गेलेला पान्हा चुकून सांगाड्याला टेकला, तर थेट शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात आणि पान्हा क्षणात लालबुंद होऊ शकतो. हातातील अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ आधीच काढून ठेवावे ते यासाठीच. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा मिसळून तो जुन्या दातांच्या ब्रशने लावला की आम्ल फसफसून निष्प्रभ होते. सोड्याचे पाणी झाकणातून बॅटरीच्या आत जाणार नाही, याची काळजी घ्यावी. नंतर स्वच्छ पाण्याने पुसून, कोरडे करून क्लॅम्प घट्ट बसवावेत आणि त्यावरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. जेली आधी लावून त्यावर क्लॅम्प बसवण्याची पद्धत योग्य नव्हे.

बॅटरी सोडवण्यापूर्वी गाडीची माहितीपुस्तिका चाळावी. काही मोटारींत वीज तुटल्यावर रेडिओ सांकेतिक क्रमांक मागतो, तर काहींत काचांची स्वयंचलित हालचाल पुन्हा शिकवावी लागते.

बॅटरी जागेवर घट्ट आवळलेली आहे ना, हेही याच वेळी पाहावे. आपल्याकडील खड्डे पाहता हा मुद्दा गौण नाही. हलणाऱ्या बॅटरीतील पट्ट्यांवरचा लेप गळून तळाशी साचतो आणि कप्पा शॉर्ट होतो.

पाणी टाकावे की नाही?

'मेंटेनन्स फ्री' या शब्दाचा अर्थ पाणी टाकावे लागत नाही, एवढाच आहे. लक्ष द्यावे लागत नाही, असा नाही. झाकणांच्या बॅटरीत मात्र दर महिन्या-दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात त्याहून लवकर, पातळी पाहावी. पट्ट्या नेहमी बुडालेल्या असाव्यात. टाकायचे ते केवळ डिस्टिल्ड पाणी. नळाचे, फिल्टरचे किंवा बाटलीबंद पिण्याचे पाणी क्षारयुक्त असते आणि ते पट्ट्यांना घातक ठरते. आम्ल तर मुळीच टाकू नये, कारण उडून जाते ते पाणी. आम्ल आतच राहते. पातळी पट्ट्यांच्याही खाली गेली असेल, तर त्या बुडण्यापुरते पाणी टाकून आधी चार्जिंग करावे आणि खुणेपर्यंतची भर नंतर घालावी. अन्यथा चार्ज होताना द्रव वर चढून बाहेर सांडतो.

अंधारातला चोर

बॅटरी, अल्टरनेटर आणि टर्मिनल हे तिन्ही निर्दोष असूनही गाडी दर चार दिवसांनी बसत असेल, तर कुठेतरी वीज गळत आहे. बाजारातून बसवलेला कॅमेरा, ट्रॅकर, ॲम्प्लिफायर, जादा दिवे यांच्याकडे प्रथम बोट जाते. डिकीतील न विझणारा दिवा हाही जुना गुन्हेगार. डिकी बंद केल्यावर तो विझतो की नाही हे बाहेरून दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून आत ठेवला की कोडे सुटते.

गळती मोजण्यासाठी ऋण क्लॅम्प सोडवून तो आणि अग्र यांच्यामध्ये मल्टिमीटर ॲम्पिअरच्या पट्टीवर जोडतात. आधुनिक गाडीतील संगणक झोपी जाण्यास अर्धा तासही घेतात, तेवढे थांबून आकडा वाचावा. ५० मिलिॲम्पिअरपेक्षा बराच अधिक प्रवाह दिसला, तर एकेक फ्यूज काढून पाहत जावे. जो काढल्यावर आकडा कोसळतो, त्या मार्गावर चोर आहे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारणे दूरच, दारही उघडू नये. मीटरचा फ्यूज उडतो. हे काम जमत नसेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे. मात्र 'गळती मोजून द्या' असे स्पष्टपणे सांगावे.

उसनी वीज घेताना

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले, तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो आणि आम्ल चेहऱ्यावर उडते. त्यामुळे रस्त्याच्या कडेला एका गाडीतून दुसरीत वीज घेताना, म्हणजे जंप स्टार्ट करताना, क्रम पाळणे ही केवळ औपचारिकता नाही. दोन्ही गाड्या परस्परांना टेकू देऊ नयेत आणि दोन्हींची इंजिने बंद ठेवावीत. लाल वायरचे एक टोक बसलेल्या बॅटरीच्या धन अग्राला आणि दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन अग्राला जोडावे. काळ्या वायरचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण अग्राला आणि शेवटचे टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे. शेवटचा जोड लावताना ठिणगी हमखास उडते. ती बॅटरीच्या तोंडाशी उडू नये, एवढाच यामागचा हेतू. मग चांगल्या गाडीचे इंजिन पाच मिनिटे चालू ठेवून बसलेली गाडी सुरू करावी आणि वायर नेमक्या उलट क्रमाने काढाव्यात. लाल-काळ्याची अदलाबदल झाली, तर दोन्ही गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकतात. बॅटरी फुगलेली, तडकलेली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिला हातही लावू नये. आम्ल त्वचेवर किंवा डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यांत सोडा कधीही घालू नये आणि डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

धक्का मारून गाडी सुरू करण्याचा पारंपरिक मार्ग ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारीत चालत नाही. इंजिन सुरू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून 'अल्टरनेटर चालतो का' हे पाहण्याची जुनी गॅरेज-युक्ती तर आता पूर्णपणे त्याज्य आहे. बॅटरी एकाएकी तुटली की अल्टरनेटरचा दाब क्षणभर प्रचंड उसळतो आणि इंजिनाचा संगणक जायबंदी होऊ शकतो. नव्या बॅटरीपेक्षा कित्येक पट खर्च त्यात आहे.

जंप स्टार्टने सुरू झालेली गाडी अर्धा तास चालवली म्हणजे बॅटरी भरली, असेही नाही. पार उतरलेली बॅटरी चार्जरनेच भरावी. तिच्या क्षमतेच्या सुमारे एक-दशांश प्रवाह, म्हणजे ३५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन ॲम्पिअर, हा सुरक्षित वेग होय. त्या गतीने दहा-बारा तास लागतात. सीलबंद बॅटरीसाठी आपोआप थांबणारा चार्जर वापरावा. सोसायटीच्या वाहनतळात सॉकेट नसल्याने बॅटरी घरी आणली, तर ती मोकळ्या गच्चीत किंवा हवेशीर सज्जात चार्ज करावी. स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ मुळीच नाही.

बदलायचीच असेल तर

बॅटरीचे आयुष्य आपल्या हवामानात सर्वसाधारणपणे तीन ते पाच वर्षे असते. नवी घेताना आकार, अग्रांची बाजू आणि क्षमता या मूळ बॅटरीप्रमाणेच असाव्यात. सिग्नलवर आपोआप बंद-सुरू होणाऱ्या इंजिनाच्या मोटारींना ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. स्वस्त पडते म्हणून त्यांत साधी बॅटरी घातल्यास ती अल्पावधीत मान टाकते, हे विक्रेता सांगेलच असे नाही. उत्पादनाची तारीख पाहून घ्यावी, कारण दुकानाच्या फळीवर सहा महिने चार्ज न होता पडून राहिलेली बॅटरी 'नवी' असली, तरी ताजी नसते. हमीपत्रातील महिने दोन भागांत विभागलेले असतात. पहिल्या भागात बॅटरी विनामूल्य बदलून मिळते, दुसऱ्या भागात केवळ किमतीत सवलत मिळते. 'साठ महिन्यांची हमी' या शब्दांत हा फरक झाकला जातो; तो विचारून घ्यावा.

विजेवरच्या मोटारीला ही कटकट नाही, असा नव्या मालकांचा समज असतो. तिच्या मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच मिटवण्याचे काम बहुतांश गाड्यांत बारा व्होल्टची छोटी बॅटरीच करते. ती उतरली, तर मोठी बॅटरी नव्वद टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

जुनी बॅटरी दुकानात परत दिल्यास नवीच्या किमतीत वजावट मिळते. तिच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग शिसे असते आणि ते वितळवून पुन्हा वापरता येते. भंगारवाला कदाचित शंभर-दोनशे रुपये अधिक देऊ करेल. पण तिच्यातील आम्ल गटारात ओतले जाते आणि शिसे वस्तीतल्याच उघड्या भट्टीत वितळवले जाते, तेव्हा त्याची धूळ व धूर आजूबाजूच्या मुलांच्या रक्तात उतरतो. शिशाचा मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून निघत नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच देण्याचे बंधन ग्राहकावरही आहे. दुकानात नेताना ती डिकीत प्लास्टिकच्या घमेल्यात उभीच ठेवावी, आडवी करू नये, आणि परत दिल्याची नोंद नव्या बॅटरीच्या बिलावर करून घ्यावी.